कारले पिळू नका

मंडळी, यावेळी पोस्टिंगचे वर्णन नाही. डोंगर नाहीत, बर्फ नाही, बंकर नाही. यावेळी भांडण आहे, आणि ज्यांच्याशी भांडायचे ती माझीच माणसे आहेत, म्हणून ते मराठीतच केलेले बरे.

माझे म्हणणे सरळ आहे. कारले चिरायचे, मीठ चोळायचे, अर्धा तास ठेवायचे, दोन्ही मुठींत धरून पिळायचे आणि ते हिरवे पाणी मोरीत ओतून द्यायचे, ही आपली पद्धत बंद झाली पाहिजे. चवीसाठी बंद झाली पाहिजे आणि तब्येतीसाठीही. कारल्याच्या कडूपणाचे काय करायचे याचे उत्तर दक्षिणेतल्या घरांनी फार पूर्वी काढून ठेवले आहे. आपण ते कधी विचारायलाच गेलो नाही.

मी स्वयंपाकी नाही. एनडीए आणि आयएमए करून मद्रास रेजिमेंटच्या एका पलटणीत आलो, त्याला वीस वर्षे उलटून गेली. माझे जवान तमिळ, मलयाळी, तेलुगू आणि कन्नड. त्यांच्याबरोबर लंगरात जेवलो, त्यांच्या बहिणींच्या लग्नांना गेलो, आणि काही घरांत कोणी जाऊ नये अशा कारणाने तिरंगा घेऊनही गेलो. प्रत्येक ठिकाणी केळीच्या पानावर किंवा स्टीलच्या ताटात जे वाढले ते खाल्ले. त्या घरांत कारले कसे शिजते ते चुलीजवळ उभे राहून पाहिले आणि प्रश्न विचारून विचारून तिथल्या अम्मांना वैताग आणला. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

आपली म्हण सगळ्यांना पाठ आहे: कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच. म्हण माणसाच्या स्वभावाबद्दल आहे हे मला कळते. पण ती ज्या स्वयंपाकघरातून आली तिथली पाककृतीही तिच्यात आलीच आहे. तळा आणि गोड करा. कारल्याला कारले राहू द्यायचे नाही, आणि एवढे करूनही ते कारलेच राहिले की त्याला नावे ठेवायची. भोंडल्याच्या गाण्यातली सासू तर सुनेला माहेरी सोडण्यापूर्वी कारल्याचा वेल लावण्यापासूनच्या अटी घालते. रजा मंजूर करण्याची इतकी कडक पद्धत मी फौजेतही पाहिलेली नाही. म्हणीत, गाण्यात, घरात, सगळीकडे आपल्याला कारले म्हणजे शिक्षा.

आता त्या पिळण्याकडे नीट बघा. मीठ लावल्यावर फोडीतले पाणी सुटते. त्याबरोबर कडूपणाचा काही भाग बाहेर येतो, सगळा येत नाही. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे, तेही त्याच पाण्यातून जाते. उरतो एक चामट, खारट चोथा. तो भरपूर तेलात परतायचा, कारण त्याला आता स्वतःची चव नाही. मग मूठभर गूळ, कारण थोडा कडूपणा तरीही मागे राहिलेलाच आहे. एवढे सोपस्कार झाले की आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, "आमच्याकडे कारले अजिबात कडू लागत नाही हं." अहो, मग दुसरी भाजी करायची होती! भेंडी होती, तोंडली होती, पडवळ होते.

गंमत इथे संपत नाही. ज्या घरात संध्याकाळी कारल्याचे पाणी मोरीत जाते, त्याच घरात सकाळी निवृत्त वडील नाक दाबून कारल्याचा रस पितात. बाजारातून बाटली आणून, पैसे मोजून. एकाच फळाचा चोथा जेवण म्हणून आणि रस औषध म्हणून, आणि आनंद दोन्हीत नाही. या रसाबद्दल मला पुढे गंभीरपणे बोलायचे आहे. आधी दक्षिणेत काय करतात ते सांगतो.

कारल्याला तमिळमध्ये पागर्काय म्हणतात, कन्नडमध्ये हागलकायी, तेलुगूत काकरकाय, मलयाळममध्ये पावक्का किंवा कैपक्का. कैप्पु म्हणजे कडू. मलयाळी माणसाने नावातच सांगून टाकले आहे की हे कडू आहे, तक्रार चालणार नाही. तमिळ घरात जेवणाचे मोजमाप 'अरुसुवै'ने होते, म्हणजे सहा चवी, आपले षड्रस. त्या सहांत कडू ही एक चव आहे. ती काढून टाकणे म्हणजे सहा चौक्यांपैकी एक मोकळी सोडण्यासारखे आहे. हे आपल्यालाही ठाऊक होते. पाडव्याला आपण कडुनिंबाचे पान खातो, त्याच दिवशी कर्नाटकात आणि तेलुगू घरांत युगादीच्या पच्चडीत कडुनिंबाचा मोहर पडतो. फरक इतकाच की आपण पाडवा झाला की ती चव वर्षभरासाठी हद्दपार करतो आणि ते तिला पुढच्याच आठवड्यात परत जेवायला बोलावतात.

आणि कशी बोलावतात ते बघा. तमिळ घरातले पिट्लै घ्या. नाव ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पिठले येते, पण यात बेसन नसते. तुरीची डाळ, चिंचेचा कोळ, आणि तेलावर भाजून वाटलेला मसाला: धणे, हरभऱ्याची डाळ, लाल मिरची, थोडी मिरी, ओले खोबरे. बऱ्याच घरांत भिजवून शिजवलेले हरभरे किंवा छोलेही पडतात. कारल्याचे काप आधी तेलावर परततात आणि मग चिंचेच्या पाण्यात शिजवतात. परतायचे कारण असे की आंबट पाण्यात भाजी मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून आंबटाला भेटण्याआधीच ती निम्मी शिजलेली हवी. डाळ वेगळी शिजवतात, कारण चिंचेत डाळही धड शिजत नाही. मग सगळे एकत्र येते. कारल्याचा रस कुठेही फेकलेला नाही, तो आमटीत उतरला आहे. तिथे डाळीने त्याला अंग दिले, खोबऱ्याने मऊ केले, चिंचेने त्याच्या तोडीची चव समोर उभी केली. घास घेतला की कडू लागते, नक्की लागते, पण ते चार जणांत बसलेले कडू असते. शेवटी लागते आणि पुढचा घास मागते.

त्याच तमिळ मुलखात श्राद्धाच्या स्वयंपाकाची एक कथा सांगतात. विश्वामित्राने वसिष्ठांकडे जेवायला येताना १००८ भाज्यांची अट घातली. अरुंधतीने मोजक्याच भाज्या वाढल्या आणि हिशेब दिला, त्यात एकटे कारले शंभर भाज्यांच्या बरोबरीचे होते. आपल्याकडेही श्राद्धाच्या पानात कारले असते. म्हणजे पितरांना चालते, जिवंत माणसांनाच चालत नाही!

केरळात गेलात तर तीयल मिळेल. 'ती' म्हणजे मलयाळममध्ये आग. या पदार्थासाठी खोबरे मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत भाजतात, त्यात धणे आणि मिरची, मग ते तेल सुटेपर्यंत वाटतात आणि चिंचेच्या पाण्यात सोडतात. खोबरे इतके भाजले की त्याला स्वतःचाच एक बारीक कडवटपणा येतो. कारल्याला अशी कडवट सोबत मिळाली की ते एकटे पडत नाही, आणि एकटे पडले नाही की बोचत नाही. ही युक्ती मला कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकाने शिकवली नाही, कोल्लम जिल्ह्यातल्या एका अम्मांनी कढईतले खोबरे हलवता हलवता शिकवली. आपण कडूला गोडाने मारायला जातो, त्या कडूला कडवटाची जोड देतात.

ओणमच्या पानावर पावक्का किच्चडी असते. ही आपली खिचडी समजू नका. ओले खोबरे, हिरवी मिरची आणि थोडी मोहरी वाटून दह्यात कालवतात आणि कारल्याचे कुरकुरीत तळलेले तुकडे अगदी शेवटी, वाढायच्या वेळी त्यात घालतात, म्हणजे ते मऊ पडत नाहीत. दही थंड, मोहरी झणझणीत, तुकडा कुरकुरीत आणि कडू. कर्नाटकात हागलकायी गोज्जु: चिंच, गूळ, भाजलेल्या डाळी, मिरची, खोबरे किंवा तीळ, दाट आणि चकचकीत, भाताबरोबर दोन दिवस पुरणारा. उडुपी-मंगळूरकडे त्याचाच भाऊ मेणसकाय. तेलुगू घरांत काकरकाय पुलुसु, चिंचेचा आंबट रस्सा. आणि अख्ख्या छोट्या कारल्यांत लसूण, जिरे, मिरचीचे 'कारम' भरून तेलावर खरपूस करतात. माझ्या पलटणीतले तेलुगू जवान ते गरम भातावर तूप घालून खातात, आणि त्या वेळी त्यांना कोणी हाक मारलेली चालत नाही. हाक मारणारा अधिकारी असला तरी.

एक पदार्थ मी फौजी म्हणून वेगळा सांगतो. केरळात कारल्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात किंवा ताकात उकळून उन्हात कडकडीत वाळवतात. त्याला कोंडाट्टम म्हणतात. तमिळ घरांत वत्तल. महिनोन्‌महिने टिकते, वजनाला काहीच नाही, तेलात टाकले की फुलते. उंचावरच्या एका चौकीवर हिवाळ्यात रस्ता बंद झाला आणि डबाबंद भाज्यांचे दिवस सुरू झाले तेव्हा पालक्काडच्या एका नायकाच्या सामानातून कोंडाट्टमची पिशवी निघाली. आईने दिलेली. बटाटा आणि डबाबंद मटार खाऊन जिभा मेलेल्या होत्या. त्या रात्री डाळ-भाताबरोबर प्रत्येकाच्या वाट्याला चार चार चकत्या आल्या. पंक्तीत हरियाणाचा सिग्नलवाला होता, बिहारचा ड्रायव्हर होता, मी होतो. कोणीही "कडू आहे" म्हटले नाही. "और है क्या, साब?" एवढेच ऐकू आले.

आता दुसरा आरोप, आणि तो आम्हा अधिकाऱ्यांवर आहे. देशभरातल्या मेसमध्ये महिन्यातून एकदा 'साउथ इंडियन नाइट' होते. इडली, डोसा, मेदूवडा, सांबार, खोबऱ्याची चटणी. संपले. त्यापुढे आम्ही गेलो नाही. ते हॉटेलचे खाणे आहे, आणि उत्तम आहे, पण ज्या जवानाबरोबर आपण खंदकात बसतो त्याच्या घरी रोज काय शिजते याचा त्यात पत्ता नाही. पिट्लै हॉटेलात क्वचितच मिळते. तीयल महामार्गावरच्या 'उडुपी'त मिळत नाही. जे पदार्थ हॉटेलात पोहोचले तेवढेच आपल्याला दिसले, आणि हॉटेलात पोहोचले तेच ज्यांत कडू काही नव्हते. मग आम्ही म्हणतो की दक्षिणेचे खाणे आम्हाला माहीत आहे. पाच राज्यांच्या माणसांना 'मद्रासी' म्हणून मोकळे व्हायचे आणि त्यांच्या जेवणाला 'डोसा' म्हणून, या दोन सवयी सख्ख्या बहिणी आहेत. ज्या अधिकाऱ्याला आपल्या जवानाच्या घरातली भाजी ठाऊक नाही, त्याला त्या घरातल्या बाकीच्या गोष्टी किती ठाऊक असतील, हा प्रश्न मी दरबारात विचारत नाही. इथे विचारतो.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण आमच्या जेवणाच्या टेबलावर ते दर उन्हाळ्यात होतात.

पहिला: "दक्षिणेतही काही घरांत मीठ लावून पिळतात." पिळतात. तेलुगू घरांत काही जण ताकात किंवा चिंचेच्या पाण्यात उकळून ते पाणी टाकतातही. मी दक्षिणेला देव्हाऱ्यात बसवत नाही. पण ज्या पदार्थांची नावे मी वर घेतली ते पिळल्यावाचून उभे राहतात, कारण त्यांची रचनाच कडूपणा धरून केलेली आहे. आपली भाजी पिळल्यावाचून उभीच राहत नाही. फरक तिथे आहे.

दुसरा: "मीठ न लावता कारले कोण खाणार?" मीठ लावू नका असे मी म्हटलेलेच नाही. मीठ लावा आणि पाणी ठेवा. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या दोन शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की मिठातले सोडियम जिभेवर कडूपणाची जाणीवच दाबते. म्हणजे मीठ आपले काम तोंडात करते. त्यासाठी भाजीचा गळा दाबायची गरज नाही. मीठ लावलेल्या फोडी सुटलेल्या पाण्यासकट कढईत टाका, आणि नंतर वेगळे मीठ घालताना हात आखडता घ्या.

तिसरा: "आमच्याकडेही चिंचगुळाची कारली होतात, भरली कारली होतात. दक्षिणेकडून काय शिकायचे?" बरोबर. दाण्याचे कूट, तीळ, खोबरे, चिंच, गूळ, गोडा मसाला, सगळी सेना आपल्याकडे तयार उभी आहे. आपल्या आज्या तर कारल्याच्या खरवडलेल्या सालीचीही चटणी करत, इतका त्यांचा कडूवर विश्वास होता. म्हणून तर माझा राग जास्त आहे. ज्याच्याकडे चिंच नाही, खोबरे नाही, त्याने पिळले तर समजू शकतो. आपल्याकडे सगळा दारूगोळा असताना आपण लढाईच्या आधीच शत्रूला उपाशी मारतो आणि मग त्या मढ्यावर तोफा डागतो. भरल्या कारल्याचा मसाला तोच ठेवा. फक्त पिळू नका. फरक पहिल्याच दिवशी कळेल.

चौथा: "मुले खात नाहीत." मुले कडू ओळखतात आणि टाळतात हे निसर्गाचेच आहे, कारण रानात बऱ्याच विषारी गोष्टी कडू असतात. पण चहा, कॉफी, मेथी, हीसुद्धा कडूच, आणि मोठेपणी आपण त्यांच्यावाचून राहत नाही. जीभ शिकते. फक्त तिला शिकवायला समोर खरी चीज हवी. कडूपणा काढलेले कारले वर्षभर खाऊ घातले तरी मूल कारले शिकत नाही, ते गूळ शिकते. पालक्काडला मी सहा वर्षांची पोर कोंडाट्टम वेफर्ससारखे खाताना पाहिली आहे. तिच्या जिभेत काही वेगळे यंत्र नव्हते.

आता ते गंभीर बोलणे. हे माझ्या निवृत्त वाचकांसाठी आहे, विशेषतः सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या सुभेदार, हवालदार मंडळींसाठी, जे इथे सर्वांत आधी वाचतात आणि सर्वांत शेवटी उत्तर लिहितात.

पलटण सुटली की पीटी सुटते, जेवण तेवढेच राहते, आणि पाच-सात वर्षांत साखर येते. मग कोणीतरी सांगते, कारल्याचा रस घे, गोळ्या बंद होतील. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी ते मनावर घेतले. शिस्तीचा माणूस, रोज पहाटे ग्लासभर रस, एक दिवस चुकवला नाही. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद केल्या. पायाला जोडा लागून झालेली जखम महिनाभर भरली नाही आणि शेवटी अंगठा काढावा लागला. ज्या पायांनी या माणसाने तीस वर्षे परेड केली त्यातला एक अंगठा एका अफवेने नेला.

कारल्यात साखरेवर परिणाम करणारी द्रव्ये आहेत, आणि त्यावर संशोधन चालू आहे, हे खरे. पण मधुमेहाच्या उपचारासाठी कारले वापरावे असे सांगायला पुरेसा भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याने काढला. दुसरी बाजूही ऐका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना वरून ग्लास भरभरून रस घेतला तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते, घाम सुटून माणूस कोसळू शकतो. म्हणजे गोळ्या सोडून रस घेणे हा एक धोका आणि गोळ्यांबरोबर भरमसाट रस घेणे हा दुसरा. रस घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, आणि गोळीचा निर्णय त्यांच्याकडेच ठेवा. गरोदर लेकी-सुनांना तर हा रस देऊच नका. आणखी एक: कारल्याचे कडू आणि दुधी भोपळ्याचे कडू एक नव्हे. दुधी कडू लागला तर तो तसाच टाकून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने त्याबद्दल सावधही केले आहे. "कडू म्हणजे औषधी" असा सरसकट हिशेब करू नका.

आणि म्हणूनच मी त्या दक्षिणेतल्या घरांच्या बाजूने उभा आहे. तिथे कारले ताटात असते, डाळीबरोबर, भाताच्या बाजूला, वाटीभर. आठवड्यातून एकदा-दोनदा. कोणी त्याच्याकडून चमत्कार मागत नाही. आपण मात्र त्याला जेवणातून हाकलले आणि मग घाबरून औषधाच्या बाटलीत शोधू लागलो. जी भाजी आनंदाने खाल्ली असती तिचा घोट आता भीतीने घेतो. या दोन्ही चुकांचे मूळ त्या मोरीत ओतलेल्या पाण्यात आहे.

भांडण केले की पर्याय द्यावा, नाहीतर ती नुसती कुरकुर. म्हणून चार माणसांचे पिट्लै, मराठी डब्यांत असलेल्या सामानात.

पाव किलो कारली घ्या. साल खरवडू नका. बिया जून असतील तर काढा, पातळ काप करा. अर्धी वाटी तुरीची डाळ हळद घालून मऊ शिजवून ठेवा. मूठभर हरभरे आदल्या रात्री भिजवून वेगळे शिजवा. चमचाभर तेलात एक मोठा चमचा हरभऱ्याची डाळ, दीड चमचा धणे, चार-पाच लाल मिरच्या, सहा-सात मिरी खमंग भाजा, शेवटी चार चमचे ओले खोबरे घालून ते तांबूस होऊ द्या, आणि सगळे थोड्या पाण्यात वाटा. आता कढईत दोन चमचे तेल तापवून कारल्याचे काप मध्यम आचेवर दहा मिनिटे परता, कडा तांबूस होऊ द्या. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन वाट्या पाणी, हळद आणि मीठ घालून काप मऊ होईपर्यंत उकळा. मग डाळ, हरभरे आणि वाटण घाला, पाच-सात मिनिटे खदखदू द्या. सुपारीएवढा गूळ घातला तर चालेल, त्याहून मोठा नको. वरून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, खोबरेल तेलात केलीत तर आणखी चांगले. लगेच वाढू नका. तासभर मुरू द्या, मग गरम भात आणि तूप.

पहिल्या घासाला चेहरा थोडा वाकडा होईल. होऊ द्या. तिसऱ्या घासापर्यंत थांबा आणि मग ठरवा. आणि ज्यांच्या घरात साखरेचा माणूस आहे त्यांनी भात बेताचा वाढा, पिट्लै हवे तेवढे वाढा, आणि जेवणानंतर त्याची गोळी त्याच्या हातावर ठेवा.

पुढच्या वेळी परत डोंगर, परत बर्फ. तोपर्यंत जय हिंद.